पर्वतभेदी नद्या

पर्वतभेदी नद्या : पर्वतरांगा किंवा उंचावलेला भूप्रदेश आडवा छेदून वाहणाऱ्या नद्या. वाटेतील डोंगराला वळसा न घालता नदी त्याच्या आरपार कशी जाते, हा भूरूपविज्ञानातील एक जुना प्रश्न आहे.

यवतमाळ जिल्ह्यातील कळंब हे गाव चक्रावती नदीकाठी, दख्खनच्या लाव्हा खडकांच्या प्रदेशात वसले आहे. या परिसरातील पाणी वर्धा नदीस मिळते. वर्धा व वैनगंगा यांच्या संगमातून प्राणहिता बनते आणि ती गोदावरीस मिळते. पुढे पापी टेकड्यांतील घळईतून गोदावरी पूर्व घाट ओलांडून बंगालच्या उपसागराकडे जाते.

अशा घळया म्हणजे भूकंपादी उत्पातांनी पडलेल्या भेगा होत, अशी पूर्वी समजूत होती. उपनद्या मुख्य नदीस बहुधा समपातळीवर मिळतात, यावरून दऱ्या नद्यांनीच कोरल्या आहेत, असे जॉन प्लेफेअर यांनी १८०२ मध्ये प्रतिपादिले. तथापि डोंगर आधीच उभा असेल, तर नदी त्यावर चढली कशी, हे कोडे उरलेच. हिमालयातील काही नद्या पर्वतापेक्षा जुन्या असाव्यात, असा विचार भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातील हेन्री बेनेडिक्ट मेडलिकॉट यांनी मांडला. अमेरिकेतील कोलोरॅडो नदीच्या १८६९ मधील मोहिमेनंतर जॉन वेस्ली पॉवेल यांनी १८७५ च्या अहवालात ‘पूर्ववर्ती’ व ‘अध्यारोपित’ नद्यांचे वर्गीकरण केले. पूर्ववर्ती नदी उठावापूर्वीची असते. भूभाग जितका उंचावतो, तितकीच ती तळ खोल कापीत जाते. अध्यारोपित नदी वरच्या, पुढे झिजून गेलेल्या थरांवर मार्ग आखते व तोच मार्ग खालच्या कठीण खडकांत उतरविते. शीर्षाकडील झिजेने जलविभाजक फोडून दुसरा प्रवाह ओढून घेणे, म्हणजे नदी-अपहरण, हे तिसरे कारण होय.

लॉरेन्स वेजर यांनी १९३७ मध्ये अरुण नदी पूर्ववर्ती ठरविली. उलट, पॉवेल यांनी पूर्ववर्ती मानलेली यूइंटा पर्वतातील ग्रीन नदी त्या पर्वताच्या उठावानंतरची असल्याचे पुढील संशोधनात दिसून आले. म्हणजे घळईच्या नुसत्या आकारावरून नदीचा इतिहास ठरविता येत नाही.

गोदावरीच्या बाबतीतही ही सावधगिरी आवश्यक आहे. पूर्व घाटाचे बरेच खडक सु. १०० कोटी वर्षे वा त्याहून जुने आहेत, तर कळंब परिसरातील लाव्हा सु. ६·६ कोटी वर्षांपूर्वीचा आहे. परंतु खडकाचे वय म्हणजे डोंगराच्या उठावाचे वय नव्हे. शिवाय प्राणहिता–गोदावरीचा मार्ग बराचसा वायव्य–आग्नेय दिशेच्या प्राचीन गोंडवनी खचदरीस अनुसरतो. त्यामुळे येथे नदीचा प्रवाह, जुनी खचदरी व नंतरचा उठाव या तिहींचा कालक्रम एकत्रच तपासावा लागतो.