वाळू, ससे आणि गोल्फ : ‘लिंक्स’ची गोष्ट

मंडळी, आज आपण ‘लिंक्स’ या शब्दापासून सुरुवात करू. समुद्र आणि शेतजमीन यांच्यामधली वाळूच्या उंचवट्यांची जी पट्टी असते, तिला स्कॉटलंडमध्ये लिंक्स म्हणतात. तिथं धान्य पिकत नाही. आखूड गवत उगवतं, ते मेंढ्या आणि ससे खातात. नांगराला नको असलेल्या या जमिनीवर गोल्फ वाढला.

पण ही जमीन होती कुणाची? सेंट अँड्र्यूज गावानं आर्चबिशप जॉन हॅमिल्टन यांना तिथं ससे पाळायची परवानगी दिली. बदल्यात १५५२ सालच्या दस्तऐवजात त्यांनी लोकांचा गोल्फ, फुटबॉल खेळण्याचा आणि गुरं चारण्याचा हक्क मान्य केला. पुढे १७९७ मध्ये कर्जबाजारी झालेल्या नगरपालिकेनं ती जमीन विकली. नव्या मालकांनी सशांचा धंदा मांडला, मैदानभर बिळं झाली आणि भांडण कोर्टात गेलं. अखेर १८२१ मध्ये जेम्स चीप या गोल्फप्रेमी जमीनदारानं ती विकत घेतली आणि खेळ वाचला. आजही एरवी रविवारी तिथल्या ओल्ड कोर्सवर खेळ बंद असतो, लोक खुशाल फिरायला जातात.

आता आखाताकडे वळू. विसाव्या शतकात तेलकंपन्यांच्या वसाहतींमधून गोल्फ तिथं पोचला, तेव्हा गवत नव्हतंच. वाळूत तेल मिसळून, ती दाबून ‘ग्रीन’ करत. रंगावरून तिला ‘ब्राउन’ म्हणत. खेळाडू चटईचा तुकडा सोबत नेई, त्यावर चेंडू ठेवून मारी. १९८८ मध्ये दुबईत एमिरेट्स गोल्फ क्लबचं पूर्ण हिरवळीचं मैदान झालं आणि चित्र पालटलं.

२०१० मध्ये अबू धाबीत ‘यास लिंक्स’ सुरू झालं. ते आखणारे काइल फिलिप्स यांनी आधी सेंट अँड्र्यूजजवळचं किंग्जबार्न्स घडवलं होतं. यासला समुद्र आहे, वारा आहे, वाळू आहे. पण उंचवटे यंत्रांनी रचलेले आहेत, आणि खारं पाणी सोसणारं पास्पालम गवतसुद्धा रोजच्या सिंचनावर जगतं.

म्हणजे बघा, स्कॉटलंडात जी जमीन फुकट पडून होती म्हणून खेळ रुजला, तिचीच नक्कल वाळवंटात सगळ्यात खर्चिक ठरली. उंचवटे रचता आले, गवत आणता आलं. गुरं चारण्याचा तो हक्क मात्र कुठल्याच नकाशात बसला नाही. आपल्याला विचाराल तर, लिंक्सच्या इतिहासात खेळापेक्षा त्या हक्काची गोष्ट मोठी आहे.