पाणथळविषयक नियम आणि मावळातील भातखाचरे

पाण्याखालील जमिनीला पाणथळ म्हणावे की शेत, हे कायद्यातील व्याख्येवर ठरत आले आहे. १९७१ च्या रामसर कराराने मानवनिर्मित पाणथळ जागाही आपल्या कक्षेत घेतल्या. १९८२ मध्ये भारत त्यात सहभागी झाला. मात्र २०१० च्या आणि पुढे २०१७ च्या केंद्रीय नियमांनी भातखाचरे पाणथळ जागांच्या व्याख्येतून वगळली. त्यामुळे मावळातील कान्हे परिसरात चिखलणी व लावणी यांना या नियमांचा अडसर आला नाही. जवळच्याच वडगाव मावळ येथील भात संशोधन केंद्राने १९८७ मध्ये प्रसारित केलेला ‘इंद्रायणी’ वाण अशाच खाचरांत पिकतो. तथापि या सवलतीला दुसरी बाजूही आहे. भराव घालून खाचर बुजविले जाते, तेव्हा पाणथळ म्हणून त्याला या नियमांचा आधार मिळत नाही.