माझ्याजवळ, असं लिहा

माझं बालपण पनवेलच्या एका मोहल्ल्यात गेलं. शेजारच्या घराची आणि आमची भिंत एकच. रात्री पलीकडून मारहाणीचा आवाज आला, की थोड्या वेळानं शेजारचा मुलगा पाटी घेऊन आमच्याकडे यायचा. अम्मी काही न विचारता गोधडी अंथरायची. त्याची आई मात्र भिंतीपलीकडेच राहायची.

मुलाला वाचवायचं म्हणजे आईपासून उचलायचं, ही रीत सरकारदरबारीही जुनी. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, तेव्हा विधवा बाळंतीण आणि तिचं मूल यांना दार एकच होतं. पुढे १९२४ चा मुंबईचा मुलांसाठीचा कायदा आला. सरकारला निराधार, वाट चुकलेलं मूल दिसू लागलं, त्याची रवानगी संस्थेत होऊ लागली. आईच्या माराची दखल घेणारं ४९८-अ कलम यायला १९८३ उजाडलं. त्यात नवऱ्याला शिक्षा होती, मुलाचा विचार नव्हता.

१९८४ मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेनं मुंबई पोलीस आयुक्तालयात 'महिला व बालकांसाठी विशेष कक्ष' सुरू केला. त्या नावातला 'व' मला फार मोलाचा वाटतो.

कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा २६ ऑक्टोबर २००६ रोजी लागू झाला. मारणाऱ्यालाच घराबाहेर काढण्याचा आदेश दंडाधिकारी देऊ शकतात. मुलाच्या शाळेत फिरकू नकोस, असंही बजावू शकतात. मुलाला घरातून न हलवता वाचवण्याची सोय कागदावर झाली.

पुढे मोहल्ल्यातल्या एका बाईबरोबर मी कचेऱ्या हिंडलो. पनवेल पोलिसांच्या हिशेबात नवी मुंबईचं, महसुलाच्या हिशेबात रायगडचं. जिल्ह्याचं महिला व बालविकास कार्यालय थेट अलिबागला. एका ठिकाणी म्हणाले, मुलाचं बालकल्याण समितीकडे न्या. दुसरीकडे विचारलं, "मुलाला मारलंय का?" मारलं नव्हतं. त्यानं फक्त पाहिलं होतं, आणि तो रात्री झोपत नव्हता.

समितीचं नाव ऐकताच बाई हबकली. "चाचा, त्याला आश्रमात टाकतील." कळंबोलीच्या 'कल्याणी' संस्थेतल्या गतिमंद मुलींवरचे अत्याचार २०११ मध्ये उघड झाले होते, २०१३ मध्ये न्यायालयानं दोषींना शिक्षा सुनावली होती. हे आमच्या शेजारचंच. तिला वेडी कोण म्हणणार? या भीतीपोटी किती आया तक्रारच करत नसतील!

अखेर संरक्षण अधिकाऱ्यांपुढे बसलो. घटना अहवालाच्या छापील नमुन्यात मुलांचाही तपशील असतो : नाव, वय, सध्या कोणाजवळ राहतात. साहेबांनी पेन टेकवलं, तशी ती खुर्चीतून अर्धी उठली.

"माझ्याजवळ. तसंच लिहा, साहेब."