पहाऱ्याची वाट

इंग्लंडच्या नैऋत्य टोकाला असलेल्या कॉर्नवॉल परगण्यात सुटीचा एक प्रकार बराच रूढ झाला आहे. प्रवासी एखाद्या किनारी गावात उतरतो आणि पुढचे सहा-सात दिवस समुद्राच्या काठाकाठाने पायी चालत एका गावाहून दुसऱ्या गावाला जातो. सोबत मार्गदर्शक नसतो, सहप्रवाशांचा तांडाही नसतो. खिशात नकाशा आणि वाटेचे टिपण, पाठीवर पाण्याची बाटली आणि पावसाळी डगला एवढेच सामान. जड पेटी सकाळी गाडीने पुढच्या मुक्कामी रवाना झालेली असते आणि तिथल्या खानावळीत खोलीही राखून ठेवलेली असते. चुकलो तर आपण, थांबलो तर आपण, असा हा स्वतःच्या भरवशावरचा प्रवास. त्यातील मोकळेपणाचे कौतुक अनेकांनी केले आहे आणि ते खोटे नाही. परंतु ज्या वाटेवर हा मोकळेपणा अनुभवायचा, ती वाट मुळात कोणी आणि कशासाठी पाडली, हे पाहू लागलो की चित्र बरेच पालटते.

प्रथम वाटेचा आकार पाहावा. ती कड्याच्या अगदी धारेवरून जाते. प्रत्येक भूशिराला वळसा घालते, प्रत्येक ओहोळापाशी खाली पुळणीवर उतरते आणि लगेच पलीकडचा कडा चढू लागते. सॉमरसेटमधील माइनहेडपासून डॉर्सेटमधील पूल बंदराच्या मुखापर्यंत जाणारी ही संपूर्ण वाट 630 मैलांची, म्हणजे सुमारे 1,014 किलोमीटरची आहे. कॉर्नवॉलचा किनारा हा तिचा मधला भाग. सगळे चढ एकत्र मोजले तर त्यांची उंची एव्हरेस्टच्या जवळजवळ चौपट भरते. आता एका गावचा माणूस शेजारच्या गावी बाजाराला, लग्नाला किंवा मयताला निघाला, तर तो अशा वाटेने का जाईल? तो आतल्या बाजूच्या सपाटीवरून सरळ जाईल, नाहीतर होडीत बसेल. गावांना जोडणे हा या वाटेचा मूळ हेतू नव्हताच. ती पाडणाऱ्याला कोठेही पोहोचायचे नव्हते. त्याला पाहायचे होते.

अठराव्या शतकात ब्रिटनने लागोपाठ युद्धे केली आणि त्यांचा खर्च भागवण्यासाठी परदेशी मालावर भरमसाट जकात बसवली. ब्रँडी, तंबाखू, रेशीम, लेस हे जिन्नस तर महाग झालेच, पण सर्वांत बोलके उदाहरण चहाचे आहे. ईस्ट इंडिया कंपनी चीनहून जो चहा आणी, त्यावरील कर एके काळी 119 टक्क्यांपर्यंत पोहोचला होता. साहजिकच फ्रान्सच्या किनाऱ्यावरून आणि चॅनेल बेटांवरून चोरून आणलेल्या मालाला कॉर्नवॉलच्या कड्यांमधील बेचक्या उपयोगी पडू लागल्या. हा धंदा चार-दोन दरोडेखोरांचा नव्हता. त्यात मासेमार होते, शेतकरी होते आणि माल विकत घेणारे प्रतिष्ठित गृहस्थही होते. पोलपेरो गावात झेफनाया जॉब नावाचा एक शाळामास्तर होता. तो पुढे चोरट्या व्यापाऱ्यांचे हिशेब लिहू लागला, त्यांचा सावकार झाला आणि त्याने स्वतःच्या नावाच्या नोटाही काढल्या. प्रशिया कोव्ह येथील जॉन कार्टरविषयी अशी आख्यायिका आहे की त्याचा चहा जप्त झाला तेव्हा त्याने रात्री जकातीचे कोठार फोडले, मात्र स्वतःचा होता तेवढाच माल नेला. गिऱ्हाइकांना दिलेला शब्द पाळायचा होता म्हणून. आख्यायिका खरी असो वा नसो, ती आवडीने सांगितली गेली यावरून किनाऱ्याचा कौल कोणाच्या बाजूने होता ते कळते. 1784 साली पंतप्रधान पिट यांनी चहावरील कर साडेबारा टक्क्यांवर आणला आणि चोरट्या चहाचा धंदा बसला. इतर मालाचा मात्र चालूच राहिला.

सरकारचे उत्तर पहारा हे होते. घोड्यावरून किनारा फिरणारे अधिकारी 1698 पासून नेमले जात होते. 1809 मध्ये होड्यांतून गस्त घालणारे दल निघाले आणि 1822 मध्ये या सगळ्यांना एकत्र करून तटरक्षक दल स्थापन झाले. किनाऱ्यावर ठिकठिकाणी या दलाच्या पांढऱ्या घरांच्या रांगा उभ्या राहिल्या. नेमणूक करताना माणूस शक्यतो दुसऱ्या भागातला निवडला जाई, कारण गावातल्या पहारेकऱ्याला गावाशी नाते तोडता येत नाही. हे परके शिपाई रात्रंदिवस, पावसापाण्यात कड्यावरून चालत. प्रत्येक बेचक्याच्या तळापर्यंत नजर पोहोचली पाहिजे, म्हणून त्यांना धार सोडून आत सरकण्याची मुभा नव्हती. वर्षानुवर्षे त्यांच्या बुटांनी जी रेघ मळली, तीच आजच्या सहलीची वाट. आज ज्या वळणावर प्रवासी देखाव्यासाठी थांबतो, त्या वळणावर पूर्वी शिपाई संशयाने थांबत असे. दोघांची जागा एक, दृष्टी वेगळी.

कड्यावर आणखीही माणसे होती. पिल्चर्ड हा आपल्याकडील तारलीच्या जातीचा मासा थव्यांनी किनाऱ्याजवळ येई. त्याच्या हंगामात ‘ह्यूअर’ म्हणून ओळखला जाणारा टेहळ्या उंचावर बसे, पाण्याचा बदललेला रंग हेरून आरोळी ठोके आणि हातातल्या झुडपांच्या खुणांनी खालच्या होड्यांना जाळे कोठे टाकायचे ते सांगे. न्यूके येथे अशा टेहळ्याची पांढरी झोपडी आजही वाटेला लागूनच आहे. मिठात मुरवलेला हा मासा पिंपांत दाबून इटलीला जाई. उत्तरेकडे मॉर्वेनस्टो येथे रॉबर्ट हॉकर हा कवी धर्मोपदेशक होता. त्याने फुटलेल्या जहाजांच्या लाकडांतून कड्यात एक खोपटे उभारले आणि किनाऱ्याला लागलेली खलाशांची प्रेते गोळा करून त्यांना चर्चच्या आवारात रीतसर मूठमाती दिली. पश्चिमेला कथलाच्या खाणी समुद्राच्या तळाखाली पसरल्या होत्या. लेव्हांट येथील खाणीत कामगारांना वरखाली नेणारे यंत्र 20 ऑक्टोबर 1919 रोजी तुटले आणि 31 माणसे मेली. या खाणीची ओसाड इंजिनघरे आता जागतिक वारसा म्हणून छायाचित्रांत झळकतात. कथलाचे भाव पडले तेव्हा येथले खाणकामगार जगभर पांगले. त्यांतले काही आपल्या कोलारच्या सोन्याच्या खाणीतही आले.

अशा या किनाऱ्यावर केवळ आनंदासाठी चालणारा माणूस केव्हा आला? 1850 च्या उन्हाळ्यात कादंबरीकार विल्की कॉलिन्स एका चित्रकार मित्राबरोबर कॉर्नवॉल पायी फिरला आणि पुढच्याच वर्षी त्याचे प्रवासवर्णन प्रसिद्ध झाले. आपण आगगाडीच्या पलीकडच्या मुलखात भटकलो, असे त्या पुस्तकाचे नावच सांगते. पायी चालणे तोवर गरिबीचे लक्षण होते. त्याच दशकात आपल्याकडे विष्णुभट गोडसे वरसईहून उत्तरेकडे पायी निघाले ते घरची ओढाताण होती म्हणून. दक्षिणेची आशा त्यांना नेत होती. ज्याला चालण्यावाचून गत्यंतर नाही त्याचे चालणे आणि ज्याला ते निवडता येते त्याचे चालणे, ही दोन भिन्न कृत्ये आहेत. दुसऱ्या प्रकाराला आगगाडीने बळ दिले, हा त्यातला विरोधाभास. 1859 मध्ये टेमार नदीवर ब्रुनेलचा पूल झाला, 1877 मध्ये रूळ सेंट आइव्ह्जपर्यंत पोहोचले. 1882 पासून लेस्ली स्टीफन यांनी तेथे उन्हाळ्यासाठी घर घेतले. हे मोठे पायी फिरणारे. लंडनमध्ये त्यांनी रविवारी भटकणाऱ्या विद्वानांचे मंडळच काढले होते. त्यांची मुलगी व्हर्जिनिया हिने त्या घरातून गॉड्रेव्हीचे दीपगृह पाहिले, आणि 1927 च्या ‘टू द लाइटहाऊस’मध्ये, कथानक स्कॉटलंडच्या बेटावर घडत असूनही, त्या दीपगृहाचा उजेड पडलेला आहे. साहित्याचे विद्यार्थी ही कादंबरी स्मृतीची म्हणून वाचतात. ती सुटीच्या घराचीही आहे, हे सहसा लक्षात येत नाही.

त्या दीपगृहाखालच्या गावात मात्र काळ फिरत होता. पिल्चर्डचे थवे रोडावले, खाणी मिटल्या, आणि किनाऱ्याने जगण्यासाठी पाहुण्यांकडे पाहायला सुरुवात केली. वाटही हळूहळू तुटू लागली. तटरक्षकांना पायी गस्तीची गरज उरली नाही तेव्हा काही ठिकाणी झुडपे माजली, काही ठिकाणी कुंपणे पडली. ती पुन्हा सलग झाली ती कायद्याने, आणि त्या कायद्यामागे चळवळ होती. उत्तरेकडील गिरणी कामगारांसाठी सहकारी सुट्यांची संस्था 1893 मध्येच निघाली होती. 24 एप्रिल 1932 रोजी शेकडो कामगार तरुण किंडर स्काउट या खाजगी पठारावर जाणूनबुजून घुसले आणि त्यांच्यापैकी काहींना तुरुंगवास झाला. 1949 च्या कायद्याने सार्वजनिक पायवाटांची नोंद करणे आणि लांब पल्ल्याच्या वाटा आखणे सुरू झाले. कॉर्नवॉलचा भाग 1973 मध्ये खुला झाला, उरलेले भाग 1974 आणि 1978 मध्ये. आज ओकच्या फळाची खूण प्रवाशाला वळण दाखवते. राज्यसत्तेने प्रजेवर नजर ठेवण्यासाठी जी वाट मळली, ती नागरिकाचा हक्क म्हणून नकाशावर आली. इतिहासात असे उलटे फेरे फार थोडे सापडतात.

आपल्याला हा फेरा समजून घेण्याचे एक कारण आहे. ब्रिटनमध्ये मिठावरचा कर 1825 साली रद्द झाला. तोच कर हिंदुस्थानात पुढे शंभराहून अधिक वर्षे चालू राहिला आणि आपल्या किनाऱ्यावरील मिठागरे सरकारी पहाऱ्याखाली राहिली. 1930 मध्ये गांधीजी साबरमतीहून निघाले आणि गावोगाव मुक्काम करीत चोवीस दिवस पायी चालून समुद्रकाठच्या दांडी गावी पोहोचले. त्याच वर्षी कोकणात शिरोड्यालाही मिठाचा सत्याग्रह झाला. तेव्हा किनाऱ्याने चालणे म्हणजे काय, याचे तीन अर्थ एकाच साम्राज्याच्या इतिहासात मिळतात: शिपायाची गस्त, सत्याग्रहीची कूच आणि सुटीवरच्या माणसाची रपेट. तिन्हींचा प्रश्न एकच: समुद्राचा काठ कोणाचा?

कॉर्नवॉलच्या गावांना हा प्रश्न आज नव्या रीतीने छळतो. वाट खुली आहे, घरे मात्र हाताबाहेर गेली आहेत. ज्या देखाव्यासाठी प्रवासी आठवडाभर चालतो, त्याच देखाव्यासाठी सधन माणूस येथे दुसरे घर घेतो, आणि मासेमाराच्या मुलाला स्वतःच्या गावात भाड्यानेही खोली मिळत नाही. 2016 मध्ये सेंट आइव्ह्जमधील 80 टक्क्यांहून अधिक मतदारांनी असा नियम उचलून धरला की यापुढे बांधले जाणारे प्रत्येक घर कायम राहणाऱ्यासाठीच असावे. नियमाला न्यायालयात आव्हान दिले गेले. ते फेटाळले गेले. जुनी घरे मात्र या नियमाच्या कक्षेत येत नाहीत.

गावात कायमची माणसे असणे ही काही केवळ भावनेची गोष्ट नाही. मावझल या चिमुकल्या गावातून 19 डिसेंबर 1981 च्या रात्री, वादळात सापडलेल्या एका जहाजाच्या मदतीला आठ जण जीवरक्षक नौका घेऊन निघाले. जहाजावरील आठ आणि हे आठ, असे सोळाही जण बुडाले. आठही स्वयंसेवक होते. रात्री हाक आल्यावर धावत बंदरावर पोहोचायचे, तर त्या माणसाचे घर बंदराजवळ असावे लागते.

म्हणून या सहलीतील ‘स्वतःच्या भरवशावर’ हे शब्द जपून वापरावेत. वाट शिपायांनी मळली, गिरणी कामगारांच्या पिढीने तिच्यासारख्या वाटांचा हक्क मिळवला, हेलफर्डच्या आणि फॉयच्या मुखाशी आपल्या खाड्यांवरील तरींसारखी होडी कोणीतरी हाकतो, पेटी कोणीतरी उचलून नेतो, आणि संध्याकाळी कोणीतरी खानावळीत दिवा लावतो. प्रवाशाच्या खिशातील टिपणात फाटकापाशी डावीकडे वळा, ओहोळ ओलांडा, चढ चढा, एवढेच लिहिलेले असते. बाकीचे कड्यावर वाचायला मिळते: टेहळ्याची झोपडी, इंजिनघर, पांढऱ्या घरांची रांग. ज्याला ते वाचता येईल त्याचे चालणे थोडे मंदावेल. त्याने मुक्कामाला पोहोचायला उशीर होईल, एवढेच.