सायकलवाल्याचं डोकं

दिवाळीत भाचीसाठी मी सायकलचं हेल्मेट नेलं. ती नववीत आहे. अंबासाखरच्या बाजूने रोज सायकलवर अंबाजोगाईत शाळेला येते. आठ दिवसांनी बघतो तर हेल्मेट खुंटीला.

"मामा, पोरी हसतेत. अन् सायकलवाल्याला पोलीस तरी कुठं धरतेत?"

दुसरा मुद्दा बिनतोड होता. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम १२९ मोटारसायकलवाल्यांना हेल्मेट घाला म्हणतं. सायकल त्यात बसतच नाही. असं का, हे शोधायला गेलो आणि एक जुना अपघात हाती लागला.

मे १९३५. आपलं गाव तेव्हा मोमिनाबाद होतं, निजामाच्या राज्यात. तिकडे इंग्लंडमध्ये टी. ई. लॉरेन्स, म्हणजे 'लॉरेन्स ऑफ अरेबिया', मोटारसायकलवरून घरी निघाला होता. रस्त्यातल्या खोलगट भागापलीकडे दोन सायकलवाली मुलं अचानक समोर आली. त्यांना चुकवताना तो फेकला गेला आणि सहा दिवसांनी वारला. डोक्यावर काही नव्हतं. त्याला तपासणाऱ्यांत ह्यू केर्न्स हा मेंदूचा सर्जन होता. पुढे त्याने लष्करी मोटारसायकलस्वारांच्या डोक्याच्या जखमा अभ्यासल्या आणि १९४१ मध्ये निष्कर्ष छापले. ब्रिटिश लष्कराने हेल्मेट सक्तीचं केलं. नंतर देशोदेशी कायदे आले, तेही मोटारसायकलवाल्यांसाठीच.

त्या दोन मुलांसारख्या सायकलवाल्यांचा विचार व्हायला मात्र आणखी चाळीस वर्षं गेली. शर्यतवाले चामड्याच्या पट्ट्या डोक्याला बांधत, तेवढंच. खास सायकलसाठीचं आधुनिक हेल्मेट अमेरिकेत १९७५ मध्ये बाजारात आलं. व्यावसायिक शर्यतींत ते सक्तीचं झालं २००३ मध्ये, आंद्रेई किविलेव्ह हा खेळाडू शर्यतीत पडून मेल्यावर.

या हेल्मेटच्या आत असतो तो टीव्हीच्या खोक्यातल्या थर्माकोलचाच भाऊबंद. आपटल्यावर तो चेपतो, त्यामुळे डोकं एकदम न थांबता किंचित सावकाश थांबतं. म्हणून एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट पुन्हा वापरायचं नसतं. युरोपात त्याची चाचणी ताशी सुमारे २० किलोमीटर वेगाच्या आपटीने होते. म्हणजे मुकुंदराजच्या उतारावर खडीवरून घसरलात, तर ते कामाचं. मी तिथे शाळेत असताना घसरलोय, कपाळावर टाक्यांची खूण आहे. पण उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर अंगावर आला, तर थर्माकोल काय करणार?

तरी आकडे बोलतात. ६४ हजारांवर जखमी सायकलस्वारांची माहिती एकत्र तपासली, तेव्हा हेल्मेटवाल्यांत डोक्याला गंभीर इजा होण्याची शक्यता सुमारे ७० टक्क्यांनी कमी निघाली.

मग सक्ती करायची? ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याने १९९० मध्ये केली. त्यानंतरच्या मोजणीत रस्त्यावर सायकलवाली मुलंच कमी दिसली. नेदरलँड्समध्ये रोजचे सायकलवाले हेल्मेट क्वचितच घालतात, कारण सायकलींना वेगळा रस्ता आहे. आपल्याकडे सरकार मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली देतं, ते शाळा सुटू नये म्हणून. उद्या हेल्मेटवाचून पावती फाटू लागली, तर काही घरांत सायकल बंद होईल आणि तिच्याबरोबर शाळाही. म्हणून सक्ती मला नको वाटते. ट्रॉल्यांना मागे लाल रिफ्लेक्टर आणि सायकलीला रस्त्याची कड, हे आधी हवं. ते येईपर्यंत डोकं मात्र आपलं आपणच सांभाळायचं.

हे सगळं भाचीला सांगितलं. तिने विचारलं, "ती दोन पोरं वाचली का?"

"वाचली."

तिने हेल्मेट खुंटीवरून काढलं, वेणी खाली ओढून घातलं, पट्टा लावला. मग माझ्या मोटारसायकलीकडे बघत म्हणाली, "अन् मामा, तुमचं?"

माझं आरशाला लटकलेलं होतं.