उंच बॉनेटची वंशावळ

किनाऱ्यावरच्या आरे-वारेच्या चढावर समोरून जुनी जीप आली की आधी दिसतं ते तिचं बॉनेट, पेटाऱ्यासारखं उंच आणि चौकोनी. लष्करी जीपचं बसकं बॉनेट सिनेमांमुळे सगळ्यांच्या ओळखीचं झालं आहे, त्यापुढे हे बेढब वाटतं. म्हणून कुणी जुनी जीप पुन्हा उभी करायला घेतली की गॅरेजमध्ये विचारलं जातं, "हाय बॉनेट ठेवायचं, की कापून लो करून देऊ?"

पत्रा कापण्याआधी ही उंची आली कुठून ते बघावं. तिचं मूळ जवळपास शंभर वर्षं मागे जातं.

१९२६ साली अमेरिकेतल्या विलिस-ओव्हरलँड कंपनीने 'व्हिपेट' ही छोटी मोटार आणली. तिच्या इंजिनाचा बोअर सुमारे ७९ मिलिमीटर आणि स्ट्रोक १११, म्हणजे सिलिंडर विहिरीसारखे अरुंद आणि खोल. क्षमता २.२ लिटर. पुढे बार्नी रूस या अभियंत्याने याच इंजिनावर मेहनत घेऊन ते ४८ अश्वशक्तीवरून साठीवर नेलं. महायुद्धातली जीप धावली ती याच्या जोरावर. त्याचे इनटेक आणि एक्झॉस्ट असे दोन्ही वाल्व्ह सिलिंडरच्या शेजारी, ब्लॉकमध्येच होते. वरचं हेड म्हणजे चपटं झाकण. म्हणूनच बॉनेट बसकं ठेवता आलं.

युद्धानंतर जास्त ताकद हवी झाली. विलिसने ब्लॉकचा मूळ आराखडा बदलला नाही. फक्त इनटेकचे वाल्व्ह उचलून हेडमध्ये नेले. तिथे जागा मोकळी असल्याने ते मोठे करता आले, हवा-पेट्रोलचं मिश्रण जास्त आत जाऊ लागलं आणि ताकद सत्तरीच्या पुढे गेली. एक्झॉस्टचे वाल्व्ह मात्र खालीच राहिले. या 'हरिकेन' इंजिनाचं वरचं कव्हर पहिल्यांदा उघडणारा फिटर आजही थबकतो. चार सिलिंडर, आठ वाल्व्ह, आणि वर वाल्व्ह दाबणारे रॉकर चारच! उरलेले चार वाल्व्ह ब्लॉकच्या कुशीत, १९२६ पासूनच्या जागी.

हेड उंचावलं तसं इंजिन जुन्या बॉनेटखाली मावेना. १९५३च्या सीजे-३बी या जीपसाठी विलिसने बॉडी जवळपास आधीच्या सीजे-३एचीच ठेवली आणि पुढची जाळी व बॉनेट तेवढं वर उचललं. जे आपल्याला बेढब वाटतं, ती जुन्या ब्लॉकवर बसवलेल्या नव्या हेडसाठी केलेली जागा आहे.

हेच रूप आपल्याकडे आलं. १९४५ साली लुधियान्यात महिंद्र अँड मोहम्मद या नावाने सुरू झालेली कंपनी फाळणीनंतर महिंद्र अँड महिंद्र झाली. मुंबईत माझगावला तिने आधी सुट्या भागांतून जीप जोडल्या, मग इथेच बनवल्या. अमेरिकेत सीजे-३बी १९६८ साली थांबली. आपल्याकडे ती बनत राहिली. पेट्रोल महागलं, हरिकेनच्या जागी डिझेल इंजिनं आली, त्यांत प्यूजोचं २,११२ सीसीचंही होतं. पण उंच बॉनेट टिकलं. पत्रा दाबायच्या डाय फार महाग असतात, त्या सहजासहजी मोडीत निघत नाहीत. ज्या हेडसाठी उंची दिली ते गेलं, उंची राहिली.

आमच्या किनाऱ्यावर खारा वारा पत्र्याला सुखाने राहू देत नाही. मध्यंतरी इथल्या एका शेडमध्ये सरकारी लिलावातून आलेल्या जीपचा रंग खरवडणं चाललं होतं. मागच्या फळीवर तीन थरांखालून हळूहळू अक्षरं वर आली, 'लेफ्ट हँड ड्राइव्ह'. स्टिअरिंग केव्हाच उजवीकडे गेलं होतं. मालकांनी मिस्त्रींना ती अक्षरं पुन्हा जशीच्या तशी रंगवायला सांगितली. बॉनेट मात्र त्यांना लो हवं होतं.

मी त्यांना एवढंच म्हटलं, "अक्षरं जपताय, मग हेही जपा. आज खाली डिझेल आहे. पण उद्या कुठल्या भंगारात या गाडीचं मूळ हरिकेन सापडलं, तर कापलेलं बॉनेट त्याच्यावर बसायचं नाही."

मिस्त्रींनी हातातला ग्राइंडर खाली ठेवला आणि टेप घेऊन बॉनेटची उंची मोजायला घेतली.