हाडांची साक्ष आणि कुळाचे मूळ

आपले मूळ कोणते, हा प्रश्न ज्ञातिबांधवांच्या प्रत्येक मेळाव्यात निघतो, आणि नाकाच्या ठेवणीवरून वा कवटीच्या आकारावरून वंश सांगणारा एखादा भेटतोच. वर्गात इतिहास शिकविताना आम्हीही तसेच सांगत आलो. ती चूक आज कबूल करणे आमचे कर्तव्य होय.

१९९६ साली अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात, केनेविक गावी, कोलंबिया नदीच्या काठी सुमारे साडेआठ हजार वर्षांपूर्वीचा मानवी सांगाडा सापडला. कवटी पाहून प्रथम तो युरोपीय वंशाचा वाटला. तेथील मूळ रहिवासी मात्र त्यास आपला पूर्वज मानून अंत्यसंस्कारासाठी मागत होते. प्रकरण न्यायालयात गेले. अखेर २०१५ साली हाडातील आनुवंशिक द्रव्य तपासले असता त्यांचेच म्हणणे खरे ठरले, व २०१७ साली त्या अस्थी त्यांच्या हस्ते भूमीस अर्पण झाल्या.

आपल्या इरावती कर्वे यांना तर १९३० च्या सुमारासच बर्लिन येथे कवट्या मोजताना आढळून आले होते की, कवटीच्या दोन बाजूंतील असमानतेचा वंशाशी संबंध नाही. त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर यांची अपेक्षा याच्या उलट होती.

हाडांवरून वय, उंची व लिंग बऱ्याच अंशी कळते. पूर्वजांच्या प्रदेशाविषयी केवळ अंदाज बांधता येतो. जात तर हाडात नसतेच. यास्तव ज्ञातीचा इतिहास लिहू इच्छिणाऱ्या तरुणांनी सनदा, वतनपत्रे व जुनी दप्तरे तपासावीत, नाकाची मापे घेत बसू नये, एवढीच आमची नम्र विनंती आहे.